डॉमनिककाका आणि सिगारेटच्या पाकिटातलं जग

पहिल्याच भेटीत डॉमनिककाकांनी माझ्या हातात एक तुर्क ठेवला.

मी वसईत पापडीला फ्लॅट बघायला आले होते. एजंट किल्ली आणायला गेला होता आणि पार्किंगमध्ये एक उंच, वाळकुडा म्हातारा खुर्ची टाकून बसला होता. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. कुठली, एवढंच विचारलं. मी कऱ्हाडची, म्हटल्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातून पत्त्याहून लहान, कडा पिवळ्या पडलेलं एक कार्ड काढून मला दिलं. त्यावर लाल गोंड्याची टोपी घातलेला, मिशाळ, लोडाला टेकून हुक्का ओढणारा एक माणूस होता. हा कोण, असं त्यांनी विचारलं. तुर्क असावा, मी म्हणाले. कशावरून? टोपीवरून.

"पाठ वाचा," ते म्हणाले.

मागे बारीक इंग्रजीत लिहिलं होतं की तुर्क हा वृत्तीने आळशी, रागावला तर क्रूर आणि पाहुणचारात उदार असतो. तुम्ही तुर्काला कधी भेटलाय का, काकांनी विचारलं. नाही, म्हटलं. "हे लिहिणाराही भेटला नव्हता. पण टोपी बघून तुम्ही त्याला ओळखलंत, तसं मी तुम्हाला ओळखलं. कऱ्हाड. आवाज नदीपलीकडे पोचणारा, भाजीत दाण्याचा कूट असल्याशिवाय घास उतरत नाही, आणि भाव करायची लाज नाही." तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मला त्या माणसाचा भयंकर राग आला, आणि मी फ्लॅट घेतला. घेताना भावही केला.

आमच्या सोसायटीचं नाव 'केळबाग'. तिथे आता केळीचं एकही झाड नाही. ती सगळी जमीन डॉमनिककाकांच्या वाडवडिलांची वाडी होती. बिल्डरने वाडीवर इमारत उभी केली, बदल्यात काकांना दोन फ्लॅट दिले आणि वाडीच्या आठवणीसाठी नाव तेवढं ठेवलं. एका फ्लॅटमध्ये काका आणि कतरीनकाकू राहायचे. दुसरा, दुसऱ्या मजल्यावरचा, भाड्याने जायचा. वाडी विकल्याबद्दल कोणी हळहळ व्यक्त केली की काका म्हणायचे, "वसईचा किरिस्ताव. आधी वाडी विकतो, मग वाडी गेली म्हणून कविता करतो. माझ्या कार्डाची पाठ हीच."

ती कार्डं त्यांना वडिलांकडून आली होती. वडील बोटीवर खानसामा होते. त्या काळी विलायती सिगारेटच्या पाकिटात पाकीट चेपू नये म्हणून एक जाड कागदाचा तुकडा घालत, आणि त्यावर चित्रं छापत. फुलं, पक्षी, राजेरजवाडे, आणि 'जगातले लोक'. साहेब सिगारेट ओढायचे, कार्ड टाकून द्यायचे आणि काकांचे वडील ते उचलून डब्यात ठेवायचे. डब्यात चिनी होता, लांब वेणीचा आणि कावेबाज. स्पॅनिश होता, गिटार वाजवणारा आणि दुपारी झोपणारा. आयरिश होता, दारू पिऊन मारामारी करणारा. स्कॉटिश माणूस कंजूष होता. इंग्रज मात्र सरळ नाकाचा, न्यायी आणि कुत्र्यावर प्रेम करणारा. "कंपनी कोणाची होती, हे शेवटच्या कार्डावरून कळतं," असं काका सांगायचे.

काकांनी स्वतः सगळी नोकरी मुंबईत एका जाहिरात कंपनीत चित्रकार म्हणून केली होती, त्यामुळे त्यांना या चित्रांतली कारागिरी कळायची. रेषा कशी सफाईदार आहे, लाल रंग किती कमी जागेत किती काम करतो, हे ते भिंगातून दाखवायचे. त्यांचं एक वाक्य सोसायटीत पाठ झालं होतं: "ज्याला पाहिलं नाही त्याचं चित्र सोपं. माणूस समोर आला की चित्र बिघडतं."

पण हे सांगणाऱ्या माणसाला समोरचा माणूस दिसत होता, असं म्हणवत नाही. ते कोणालाच नावाने हाक मारत नसत. मी 'कऱ्हाड' होते. खालच्या मजल्यावरचे 'नाशिक' होते, वरचे 'गिरगाव'. आमचे चेअरमन साळवी, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, 'राजापूर' होते. त्यांच्या कार्डाची पाठ काकांनी त्यांच्या तोंडावर वाचली होती: "फणस एक देतो, चार वर्षं आठवण देतो. भावाशी बोलत नाही, भावाच्या वकिलाशी बोलतो." साळवी हसले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांच्या खुर्चीमुळे पार्किंगमध्ये अडथळा होतो अशी नोटीस लावली. काकांनी खुर्ची नोटिशीखाली नेऊन ठेवली.

इमॅन्युएल आला तो असल्या सुखी वातावरणात. तो नायजेरियाचा. वालीवच्या कारखान्यांतून लहान मुलींचे फ्रॉक घाऊक घ्यायचा आणि तिकडे पाठवायचा. भरदार अंगाचा, नेहमी इस्त्रीच्या पूर्ण बाह्यांच्या शर्टात असायचा. हिंदी शिकला होता वालीवच्या कारागिरांकडून, त्यामुळे बोलायचा अगदी वालीवसारखं. रविवारी पापडीच्या चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला यायचा. तिथे काकांशी ओळख झाली. बायको आणि मुलगी लवकरच येणार होत्या, त्यांच्यासाठी घर हवं होतं. काकांचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा होता. काकांनी हो म्हटलं.

कमिटीने सभा बोलावली. सभेत कोणाचाही विरोध नव्हता, हे मला आवर्जून सांगायला हवं, कारण प्रत्येकाने तसं सुरुवातीलाच सांगितलं. नाशिक म्हणाले, त्यांना काही प्रॉब्लेम नाही, फक्त घरात वाढत्या वयाची मुलगी आहे. गिरगाव म्हणाले, माणूस चांगलाच असेल, पण हे लोक कसले धंदे करतात ते आपण पेपरात वाचतो. साळवी म्हणाले, प्रश्न माणसाचा नाहीच, प्रश्न नियमाचा आहे. नियम कोणता, असं मी विचारलं. तो करावा लागेल, असं ते म्हणाले. मग हात वर करून मतं घेतली. बाजूने काकांचा आणि माझा, असे दोनच हात वर गेले. घर आपलं असून आपल्याला देता येत नाही हे काकांना झोंबलं, पण ते भांडले नाहीत. बारीक हसले. त्या हसण्याने कतरीनकाकू घाबरल्या असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

काकांचा बेत प्रजासत्ताक दिनासाठी होता. झेंडावंदनानंतर पार्किंगमध्ये मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन लागायचं. या वर्षी त्या जागी 'जगातले लोक' लावू, असं काकांनी सुचवलं. साळवींना कल्पना फार आवडली. मुलांचं जनरल नॉलेज वाढेल, म्हणाले. काकांनी कार्डं फ्लेक्सवाल्याकडून दाराएवढी मोठी करून आणली. पाठीवरचा मजकूर मराठीत करायचं काम माझ्याकडे होतं. आफ्रिकेच्या कार्डापाशी मी अडले. त्यावर नाकात हाड घातलेला, सगळे दात दाखवून हसणारा एक माणूस होता, आणि मागे लिहिलं होतं की हा स्वभावाने बालिश, रंगीत कापडाला भुलणारा असून त्याच्याकडून काम करून घ्यावं लागतं. हे वगळू या का, मी विचारलं. "एक शब्द सोडायचा नाही," काका म्हणाले. "औषध पातळ केलं तर लागू पडत नाही."

सव्वीस जानेवारीला माणसं चहाचे कप घेऊन चित्रांसमोरून फिरू लागली. हशा उसळत होता. चिन्यापाशी नाशिक म्हणाले, अगदी बरोबर, मोबाइल बघा यांचे. आयरिश माणसापाशी गिरगावांना कोणी तरी नातेवाईक आठवले. साळवी तर प्रत्येक पाठ मोठ्याने वाचून दाखवत होते. वाचत वाचत ते शेवटच्या चित्रापाशी आले. ते काकांनी मुद्दाम कोपऱ्यात लावलं होतं. त्यावर लंगोटी नेसलेला, बरगड्या दिसणारा एक माणूस सापासमोर पुंगी वाजवत होता, मागे एक गाय त्याच्या खाटेवर बसली होती. साळवींनी सवयीने वाचायला सुरुवात केली: "हिंदी माणूस. सौम्य, भित्रा आणि खोटं बोलण्यात पटाईत. देव पुष्कळ, साबण कमी." शेवटचा शब्द त्यांच्या तोंडातून जवळजवळ बाहेर पडलाच नाही.

मग जे व्हायचं ते झालं. हे आत्ताच्या आत्ता उतरवा, साळवी म्हणाले. राष्ट्रीय सण आहे, देशाचा अपमान आहे, पोलिसांत जावं लागेल. काका खुर्चीतून उठलेही नाहीत. तुर्क आळशी हे तुम्हाला पटलं, चिनी लबाड हे पटलं, मग त्याच चित्रकाराचं हेच चित्र खोटं कसं, असं त्यांनी शांतपणे विचारलं. साळवी म्हणाले, तो विषय वेगळा.

"वेगळा नाही, राजापूर. तो दुसऱ्याचा, हा तुमचा. एवढाच फरक."

काही जण हसले. एक-दोघांना मुद्दा कळलाही, निदान तसे चेहरे झाले. गिरगावांची सून सगळ्यांसमोर म्हणाली की काकांचं बरोबर आहे. काकांच्या तोंडावर असं समाधान होतं, जसं पत्त्यांत राखून ठेवलेला हुकूम टाकणाऱ्याच्या तोंडावर असतं.

आणि तेवढ्यात इमॅन्युएल आला. काकांनीच त्याला बोलावलं होतं. तो आला की त्याला साळवींच्या शेजारी उभं करायचं आणि म्हणायचं, आता सांगा कोण कोणाला घाबरतो, अशी त्यांची कल्पना होती. तो नवा निळा शर्ट घालून आला होता. हातात केकचं खोकं होतं. लोकांनी वाट करून दिली, आणि त्या वाटेने तो चालत गेला तो नेमका आफ्रिकेसमोर पोचला.

त्याने चित्र पाहिलं. मी मराठी केलेला मजकूर त्याला वाचता येत नव्हता, पण खाली मूळ इंग्रजीही काकांनी छापून घेतलं होतं. ते त्याने वाचलं. पार्किंगमधले सगळे जण चित्राकडे बघत होते, मग त्याच्याकडे, मग पुन्हा चित्राकडे. हसत कोणीच नव्हतं. सगळे तुलना करत होते. ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

काका घाईने उठून त्याच्याजवळ गेले आणि सांगू लागले की हे खोटं आहे, तेच तर दाखवायचंय, ही सगळी या लोकांची मस्करी आहे. इमॅन्युएलने ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, "जोक उन के ऊपर है, अंकल. लेकिन फोटो तो मेरा लगाया ना."

केकचं खोकं त्याने काकांच्या खुर्चीवर ठेवलं आणि तो निघून गेला.

घरी गेल्यावर कतरीनकाकू नवऱ्याशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलल्या. मी दारात होते. मला जेवढं समजलं ते असं: त्याला पाहुणा म्हणून बोलावलंत, आणि सामान म्हणून मांडलंत. त्या दिवशी काकांनी सगळी चित्रं एकट्याने उतरवली. साळवींनी मदतीला माणूस पाठवला होता, त्याला परत पाठवलं.

पुढे काही दिवस खुर्ची रिकामी होती. मी वर गेले तर काका टेबलाशी बसून चित्र काढत होते. इमॅन्युएलचं. आठवणीने काढत होते आणि फाडत होते. जमिनीवर कागदांचा ढीग होता. मी एक कागद उचलून पाहिला. ओठ गरजेपेक्षा जाड होते, दात गरजेपेक्षा पांढरे. "हात तिकडेच वळतो," ते म्हणाले. मग त्यांनी नोकरीतल्या कामांबद्दल सांगितलं, जे आधी कधी सांगितलं नव्हतं. बिडीच्या पोस्टरवर पठाण काढला. सुपारीवर पोटाचा शेठजी. ट्रान्झिस्टरवर लुंगीतला मद्रासी. पंख्याच्या जाहिरातीत घाम पुसणारा सरदार. साहेब म्हणायचे, लोकांना लांबून ओळखता आलं पाहिजे, आणि काका काढून द्यायचे. "वडिलांच्या डब्याला मी हसत होतो. माझाच डबा केवढा होता." जरा वेळाने त्यांनी मला विचारलं, "तुझं नाव वैशाली ना?"

माझ्या स्कूटरवर बसून ते वालीवला आले. कारखान्यात शिलाई मशिनींचा इतका आवाज होता की माफी मागायची तर ओरडून मागायला लागणार होती. इमॅन्युएल फ्रॉकची बटणं ओढून बघत होता. त्याने काकांना पाहिलं, आणि बटणं ओढत राहिला. काका गठ्ठ्यांच्या बाजूला उभे राहिले. त्यांना बसा म्हणून कोणी म्हटलं नाही. बऱ्याच वेळाने मशिनी जेवणासाठी थांबल्या, तेव्हा काकांनी सांगितलं की चूक झाली, फ्लॅट तुझाच आहे, कमिटीशी मी कोर्टात लढेन.

इमॅन्युएल म्हणाला की तो त्या फ्लॅटमध्ये राहणार नाही. त्याची मुलगी सहा वर्षांची आहे. ती जिन्यातून उतरेल तेव्हा तिथला प्रत्येक जण तिच्याकडे बघेल आणि प्रत्येकाला ते चित्र आठवेल. हे त्याने रागाने सांगितलं नाही. भाव जमत नाही, हे जसं सांगतात तसं सांगितलं.

घराची सोय शेवटी कतरीनकाकूंनी केली. जवळच वटार गावात त्यांच्या भावाचं घर होतं, वरचा मजला रिकामा होता. भावाने एकच प्रश्न विचारला, कुत्रा चालेल का, कारण घरात कुत्रा होता. काकूंनी काकांना बजावलं की यात तुम्ही लुडबुड करायची नाही. काकांनी केली नाही. ते फक्त दर रविवारी मिस्सा झाल्यावर वटारला जाऊ लागले.

पहिले काही रविवार इमॅन्युएलने त्यांना अंगणाच्या पुढे बोलावलं नाही. काका काकूंच्या भावाशी भाजीपाल्याच्या गप्पा मारून परत यायचे. एकदा काकांनी त्याला विचारलं की समोर बसवून तुझं चित्र काढू का, नीट काढीन. तो नाही म्हणाला. हे काकांनी मला सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता काही तरी शेरा येईल. आला नाही. "नाही म्हणाला," एवढंच म्हणाले, आणि पुढच्या रविवारी चित्राच्या सामानाशिवाय गेले.

बायको आणि मुलगी आल्यावर अंगणातली बैठक घरात गेली. तिथे एकदा मीही होते. इमॅन्युएल सांगत होता की इकडे येताना त्याच्या आईने त्याला काय काय बजावलं होतं. हिंदी माणसाने दिलेलं काही खायचं नाही, तो अन्नात मंत्र घालतो. त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, तो नागाला वश करतो तसा माणसालाही करतो. आणि तो मान हलवेल तेव्हा व्यवहार करायचा नाही, कारण ती हो म्हणून हलते की नाही म्हणून, हे त्यालाही माहीत नसतं. काका हसता हसता खोकू लागले, पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी अजून सांग, अजून सांग म्हणून त्याच्याकडून आमची पूर्ण पाठ वाचून घेतली. इमॅन्युएल त्या दिवशी पहिल्यांदा मनमोकळं हसला. दुसऱ्याची थट्टा करायचा आनंद कोणत्याही देशात सारखाच असतो, हे त्या दोघांकडे बघून कळत होतं.

'केळबाग'मधला फ्लॅट कमिटीने स्वतः पसंत केलेल्या कुटुंबाला गेला. साळवींच्या ओळखीतले, आपल्यातलेच. वर्षभराने सोडून गेले तेव्हा जाताना गीझर, दोन पंखे आणि बाथरूमचा आरसा काढून घेऊन गेले. साळवी शरमले होते. काकांनी त्यांची समजूत काढली: "आपल्यातलेच होते, म्हणून घरचंच समजले." जीभ काही फार मऊ झाली नव्हती, हे मला नोंदवून ठेवायचं आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर काका आजारी पडले आणि फार न रेंगाळता गेले. पापडीच्या चर्चमध्ये माणसं मावत नव्हती. फादर नवीन होते, काकांना फारसे ओळखत नव्हते. त्यांनी सांगितलं की डॉमनिक हे मनमिळाऊ, मितभाषी आणि सर्वांशी गोड बोलणारे होते, आणि त्यांनी कधी कोणाचं मन दुखावलं नाही. माझ्या शेजारी कतरीनकाकू काळ्या साडीत ताठ बसल्या होत्या. त्या माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "हे कोणाबद्दल बोलतायत गं?" आणि मग त्यांना रडू फुटलं, दिवसात पहिल्यांदा.

माती देऊन झाल्यावर काकूंनी इमॅन्युएलला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो तयार नव्हता. मुलीचा हात धरून उभा होता, तो त्याने बायकोकडे दिला. म्हणाला, "अंकल ने एक बार मेरा बहुत इन्सल्ट किया. फिर हर संडे आए." एवढं बोलून तो मागे सरला.

माझ्या बाजूला साळवी उभे होते. पांढरा सदरा, डोळे ओले. ते हलक्या आवाजात म्हणाले, किती चांगला माणूस आहे बघा, वाटत नाही तिकडचा. मग त्यांनी विचारलं, "पण इन्सल्ट केला म्हणतो तो कधी? आणि कुठे?"

तुम्ही होतात तिथे, मी म्हणाले.

ते विचार करत राहिले. त्यांना खरंच आठवत नव्हतं.